दाराखालची रेघ

रात्री साडेअकराला माझी पाळी सुरू होते.
नदीपलीकडे स्मारकांवर झोत सोडलेले असतात,
ते माझ्याकडे नाहीत.
माझ्याकडे तिसरा मजला, चार कॉरिडॉर,
एक मीटर, एक शिडी
आणि कर्नल हॅवरकॅम्प यांचं पत्रक:
वीज वीस टक्के कमी, कचरा निम्मा,
सप्टेंबर संपायच्या आत.

मी डेल्मार प्रूइट. सव्वीस वर्षं इथले दिवे बदलतोय.
पिवळे गेले, निळसर आले,
आता या पातळ पट्ट्या, ज्या तापतच नाहीत.
पूर्वी जानेवारीत शिडीवर चढलं
की दिव्यापाशी हात शेकून घेता यायचे.
तक्रार म्हणून नाही सांगत.

मार्चमध्ये सेन्सर बसवले.
माणूस हलला की उजेड, नाही हलला की अंधार.
परवा एक तरुण लेफ्टनंट कसलासा कागद वाचत
इतका स्थिर बसला
की यंत्राने त्याला गैरहजर धरलं.
काळोखातून दोन हात वर आले,
बुडत्या माणसाचे येतात तसे.
उजेड आला. हात खाली गेले.
तो पुन्हा तेच पान वाचू लागला.
दुसऱ्या रात्री मी त्या खोलीपुरती
दहा मिनिटांची वीस मिनिटं केली.
पत्रकात बसत नाही ते.

कचरा त्सेहाय मोजते.
मालाच्या धक्क्यावर निळी ताडपत्री अंथरायची,
एका कॉरिडॉरचा एका दिवसाचा कचरा ओतायचा
आणि गुडघ्यांवर बसून निवडायचा.
चारशे बारा कॉफीचे पेले.
न उघडलेली सॅलडं.
डाव्या पायाचा एक बूट, चकचकीत.
निरोपाचा केक, नाव खाऊन झालेलं,
नुसतं ‘आठवण येईल’ उरलेलं.
आणि गठ्ठ्यांनी कागद, ज्यांवर एवढंच छापलंय:
हे पान मुद्दाम कोरं ठेवलं आहे.
पट्ट्यांच्या पिशव्या वेगळ्या, त्या जाळायला जातात.
त्यांचं वजनही तिला करू देत नाहीत.

तिच्या भाषेत त्सेहाय म्हणजे सूर्य.
गोंदरला तिची आई कंदिलाची वात
इतकी बारीक ठेवायची, म्हणते,
की बहिणी एकमेकींना आवाजावरून ओळखायच्या.

एकदा तिने विचारलं, “आणि विमानं?”
नेमकं तेव्हाच एक डोक्यावरून गेलं.
मी म्हटलं, मोरीला बोळा घालायचं काम माझं.
दरवाजा दुसऱ्या खात्यात येतो.
ती हसली नाही.
तिला चारशे तेरावा पेला सापडला होता.

चौथ्या कॉरिडॉरच्या टोकाला एक दार आहे.
खिडकी नाही, पाटी नाही, आकड्यांचं कुलूप.
मला आत परवानगी नाही.
दाराखाली उजेडाची बोटभर रेघ,
अकरा महिने, रोज,
नाताळात, आणि बर्फाने रस्ते बंद झाले त्या आठवड्यातही,
तेव्हा मी आणि ती रेघ, दोघंच होतो मजल्यावर.
मी वहीत लिहायचो: दिवे चालू. आत कोणी नसावं.
शेवटी एक चिठ्ठी सरकवली आत: कृपया.
सुरक्षावाल्यांनी त्या एका शब्दाबद्दल
चाळीस मिनिटं मला बसवून घेतलं,
खोलीतले सगळे दिवे लावून.

काल रेघ नव्हती.
मी वाकून पाहिलं. मग चक्क आडवा झालो,
गाल फरशीला.
थंड वारा आणि अंधार.
कोणी माझं ऐकलं होतं?
का आतलं काम संपलं, आणि संपलं म्हणजे काय झालं,
कुठे, कुणाचं?
का नुसती नळी गेली, आणि ती बदलायला
परवानगीचा माणूस उद्या येणार?

उठलो. वही काढली.
दिवे बंद. बचत, अंदाजे आठ नळ्या.
पुढे कारणाचा रकाना.
तिथे पेन टेकवून उभा राहिलो,
आणि कॉरिडॉरच काळा झाला.

बराच वेळ मी हललो नव्हतो.